शिवसागराच्या काठाने चार दिवस

बेळगावातून साताऱ्याला जायचे तर पुणे-बेंगळूर महामार्गाने निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड असा सरळ रस्ता आहे. या रस्त्याने आपण सगळेच पुण्याला शेकडो वेळा गेलेलो असतो. पण साताऱ्यात शिरून पश्चिमेकडे तोंड वळवले की अवघ्या चाळीस किलोमीटरवर सह्याद्रीच्या पोटात एक प्रचंड जलाशय पसरलेला आहे, हे माहीत असूनही तिकडे जाणारे थोडेच. कोयना धरणाच्या पाण्याने तयार झालेला हा शिवसागर. लांबी सुमारे ५० किलोमीटर, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि त्या डोंगरांच्या प्रत्येक घळीत पाण्याचा एकेक फाटा शिरलेला. काश्मीरशी त्याची तुलना करण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. इथे बर्फ नाही, देवदार नाही, आणि हे तळे निसर्गाने केलेले नाही.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही पाच जण तिकडे गेलो. चार सायकली आणि मागे एक गाडी. गाडी चालवायचे काम आमच्या सौ.नी आपणहून घेतले, कारण 'चढावर धापा टाकायला मी काही वेडी नाही' असे त्यांचे स्पष्ट मत होते. सायकलवर मी, आमच्या कॉलेजातल्या कन्नड विभागाच्या मॅडम, बँकेतून निवृत्त झालेले अण्णा आणि माझा एक जुना विद्यार्थी, जो मूळचा अथणी तालुक्यातला, कृष्णाकाठचा. अण्णा बागलकोटचे. तीस वर्षे बेळगावात राहून त्यांचे मराठी आपल्यासारखेच झाले आहे, फक्त रागावले की कन्नडमध्ये जातात. त्यांचे वय ६१, पण रोज सकाळी वॅक्सिन डेपोच्या झाडीत सायकलच्या दहा फेऱ्या मारणारा माणूस. त्यांच्या घरून आलेल्या डब्यात जोळद रोट्टी, शेंगाचटणी आणि वर कुंद्याचा एक पुडा. त्या पुड्यावरून चार दिवस भांडणे झाली.

कागलच्या पुढे महामार्गाच्या सहापदरीकरणाचे काम चालू होते, त्यामुळे पहिला दिवस वळणरस्ते आणि धूळ यांतच गेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला साताऱ्यातून सायकली काढल्या. शहर संपता संपताच यवतेश्वरचा घाट लागतो. चढ अंगावर येणारा आहे. पहिल्या दोन वळणांतच अण्णांनी विचारले, "काय वो मास्तर, अजून किती हाय?" मी म्हटले, "आत्ता तर सुरू झालंय." "मग सांगू नका," असे म्हणून त्यांनी गियर खाली घेतला आणि घाट संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. खाली सातारा शहर, अजिंक्यताऱ्याची कातळभिंत, आणि धुक्यात अर्धी बुडालेली उसाची शेते. घाट संपला की रस्ता पठारावर येतो आणि मग जवळजवळ कासपर्यंत चढउतार असले तरी छाती फुटत नाही.

कासचे पठार आता सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या जागांना जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली, त्यात कास आहे. सप्टेंबरात तिथे फुले पाहायला इतकी माणसे येतात की फुलांना मोकळे सोडण्यासाठी माणसांना मोजून आत घ्यावे लागते. आम्ही गेलो तेव्हा फुले नव्हती. गवत पिवळे पडलेले, जांभा उघडा, वारा भणाणता, आणि रस्त्यावर आम्ही सोडून एक दूधवाला. मॅडमना हेच आवडले. "ज्या दिवसांत कुणी फोटो काढायला येत नाही, त्या दिवसांत जागा खरी कशी आहे ते कळतं," त्या म्हणाल्या. पठाराच्या जांभ्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. एवढ्याशा मातीत पावसाळ्याचे चार महिने शेकडो जातींच्या वनस्पती उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. उरलेले आठ महिने हा असा कोरडा दगड.

पुढे कासचा तलाव. ब्रिटिश काळात बांधलेला हा तलाव सातारा शहराला पाणी देतो. पाणी उताराने आपले आपण शहरात जाते, पंप लागत नाही. अलीकडे त्याची उंची वाढवली आहे. तलावाकाठी चहा, भजी झाली आणि तिथून बामणोलीचा उतार लागला. हा उतार म्हणजे सायकलवाल्यांचे बक्षीस आणि परीक्षाही. सुमारे साडेबाराशे मीटरवरून साडेसहाशे-पावणेसातशे मीटरवर यायचे, तेही खड्डे चुकवत. माझ्या विद्यार्थ्याने एका वळणावर सायकल थांबवून रिमला हात लावला आणि पटकन मागे घेतला, इतके ते तापले होते. तिथेच पहिल्यांदा झाडीतून पाणी दिसले. निळे म्हणावे तर निळे नाही, हिरवे म्हणावे तर हिरवे नाही. डिसेंबर असल्याने जलाशय जवळजवळ भरलेला होता आणि झाडे थेट पाण्यात उतरली होती.

बामणोली हे काठावरचे गाव. बोटी, हॉटेले, पर्यटक असे सगळे तिथे आहे. समोर दक्षिणेकडे वासोट्याचा डोंगर दिसतो. तो भाग कोयना अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले आणि २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वासोट्याला बोटीनेच जावे लागते आणि वनखात्याची परवानगी लागते. आम्ही तो बेत केला नव्हता. हे सगळे जावळीचे खोरे. १६५६ मध्ये शिवरायांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतले ते हेच, इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला इथे आल्यावर राहवत नाही. मी बोलायला सुरुवात केली तसे सौ.नी हळूच सांगितले, "तासाला सुट्टी आहे." मी थांबलो.

मुक्काम एका घरगुती खानावळीत होता. घराची ओसरी पाण्याकडे तोंड करून, आणि ओसरीवर घरातले आजोबा गोधडी गुंडाळून बसलेले. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा आणि नातू मुंबईत माथाडी कामात. या खोऱ्यातल्या घराघरांतला एकजण तरी मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझे वाहून आलेला असतो. चहा देताना सूनबाईंनी सहज सांगितले, "आमचं जुनं घर तितं खाली हाय," आणि हात पाण्याकडे केला. आपण 'समोरच्या गल्लीत हाय' म्हणतो, तसे.

अण्णांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "किती खाली?"

इथे थोडे मागे जायला हवे. कोयनेचे धरण १९५० च्या दशकात बांधायला घेतले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात पाणी अडवले गेले. धरणाची उंची १०३ मीटर. आज साठा १०५ टीएमसीच्या घरात आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावे पूर्ण किंवा अंशतः गेली आणि नऊ हजारांवर कुटुंबे उठली. काहींना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा लांबच्या जिल्ह्यांत जमिनी दिल्या. ज्यांना तिकडचे ऊन आणि काळी माती मानवली नाही ते परत आले. आणि बरेच जण पाणी चढेल तसे डोंगर चढत गेले आणि पाणी थांबले तिथे थांबले. बामणोलीसारखी काठावरची गावे अशीच वर सरकलेली आहेत.

आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांना आठवत होते ते फार थोडे, पण जे आठवत होते ते पक्के होते. नदीकाठची भाताची खाचरे, देवळापुढचा पार, आणि घराची लाकडे काढून वर वाहून नेली ते दिवस. "वासं, तुळया, दारं, समदं काढलं. दगड तेवढं ऱ्हायलं." त्या तुळयांपैकी एक आम्ही बसलो होतो त्या ओसरीला होती. आजोबांनी ती दाखवली. काळी, तासलेली, मध्ये एका जुन्या खुंटीचे भोक.

अण्णा उठले आणि त्या भोकात बोट घालून पाहिले. मग म्हणाले, "आमच्या घराचं काहीसुद्धा काढलं नाही. सरकारचा माणूस आला, भिंतीवर नंबर घातला, पैसे दिले. आम्ही तसंच निघालो."

बागलकोटचे जुने शहर घटप्रभेच्या काठी होते. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पायाभरणी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, काम रखडत रखडत या शतकाच्या सुरुवातीला पूर्णत्वाला गेले आणि धरणाच्या फुगवट्याचे पाणी घटप्रभेतून बागलकोटच्या सखल गल्ल्यांत आले. माणसे नवनगरात हलवली गेली. अण्णांचे वडील नवनगरातल्या प्लॉटवर बांधलेल्या घरात दीड वर्ष राहिले आणि गेले. आई आणि बहीण तिथेच. हे सगळे मला साधारण माहीत होते, पण वीस वर्षांच्या ओळखीत अण्णांनी ते असे सलग कधी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी एका अनोळखी माणसाला सांगितले.

दोघांचे बोलणे ऐकण्यासारखे होते. एकाचे सातारी, एकाचे बेळगावी मराठी, आणि मधूनच अण्णांना शब्द सापडला नाही की मॅडम भर घालायच्या. कन्नडमध्ये या सगळ्या प्रकाराला 'मुळुगडे' म्हणतात. बुडणे, बुडवले जाणे, बुडालेला भाग, सगळ्यालाच तो शब्द. बागलकोट-विजापूरकडची माणसे 'मुळुगडे मंदी' म्हणजे बुडितातली माणसे असे स्वतःविषयी बोलतात. मराठीत सरकारी शब्द 'धरणग्रस्त' किंवा 'प्रकल्पग्रस्त'. आजोबांनी यातला एकही वापरला नाही. ते 'पानी आलं तवा' एवढेच म्हणत होते. 'पानी यायच्या आदी' आणि 'पानी आल्यावर' ही त्यांची इसवी सनपूर्व आणि इसवी सनोत्तर अशी कालगणना!

आजोबांनी विचारले, "तुमास्नी जमीन गावली का?"

"प्लॉट गावला. तीस बाय चाळीस."

"शेत?"

"शेत नव्हतं आमचं. दुकान होतं."

आजोबांनी मान हलवली. दुकानाच्या बदल्यात काय द्यायचे असते, याचा ते विचार करत असावेत. मग त्यांनी सांगितले की उन्हाळ्यात, वैशाख लागला की पाणी खूप खाली जाते आणि जुन्या गावाची जोती उघडी पडतात. उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत लोक गाळपेर करतात. आजोबा दर उन्हाळ्यात एकदा खाली उतरून आपल्या जोत्यावर बसून येत असत. दोन वर्षांपासून गुडघ्यामुळे जमलेले नव्हते. आपल्या हुक्केरी तालुक्यात हिडकलच्या जलाशयात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात असेच बाहेर येते आणि लोक पाहायला जातात, ते मला आठवले. मी तसे सांगितले. "मंग तुमच्याकडंबी हाय म्हना की," आजोबा म्हणाले, आणि त्यांना जरा बरे वाटल्यासारखे दिसले.

रात्री पिठले, नाचणीची भाकरी, ठेचा आणि अण्णांची शेंगाचटणी असा बेत झाला. सूनबाईंनी चटणी चाखून पाहिली आणि कृती विचारून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीने त्रिवेणी संगमावर गेलो. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्या इथे एकत्र येत होत्या. आता तिथे नद्या दिसत नाहीत, पाण्याचा मोठा चौक दिसतो. काठाला दत्ताचे मंदिर आहे. बोटवाला तरुण होता, त्याने इंजिन बंद करून बोट नुसती तरंगत ठेवली. कुणी बोलले नाही. पाण्यावर एक खंड्या बाण सुटावा तसा गेला. अण्णा बोटीच्या कडेवरून खाली पाहत होते. पाणी स्वच्छ असले तरी तळ दिसणे शक्यच नव्हते, तरी ते पाहत होते.

दुपारी सायकली आणि गाडी तराफ्यावर चढवून तापोळ्याच्या काठाला आलो. तराफा म्हणजे लोखंडी फलाट, त्यावर तीन-चार गाड्या मावतात, आणि त्यावर आमच्याबरोबर दोन मोटारसायकली, सिमेंटची पोती आणि आपली शेळी धरून उभी असलेली एक म्हातारी होती. काठावरच्या गावांतून तालुक्याला, दवाखान्याला, शाळेला जायचे तर लाँच आणि तराफा हाच मार्ग. रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो. आता तापोळ्याजवळ मोठा पूल बांधण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. पाणी आल्यानंतर साठ वर्षांनी.

तापोळ्याला स्ट्रॉबेरीची शेते आहेत, तंबू आहेत, पोहायला आणि होड्या मारायला सोयी आहेत. मॅडम आणि माझ्या विद्यार्थ्याने तळलेल्या माशांवर ताव मारला, अण्णा शाकाहारी म्हणून त्यांनी आमटी-भातावर भागवले आणि कुंद्याचा शेवटचा तुकडा बिनविरोध मिळवला. आणि मग रात्री शेकोटीपाशी वाद झाला.

सुरुवात माझ्या विद्यार्थ्याने केली. तो म्हणाला, "सर, हे पाणी आमच्याकडं यायला पाहिजे होतं." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहत हेळवाकपर्यंत जाते, मग काटकोनात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे नैसर्गिकरीत्या हे सगळे पाणी कृष्णेतून सांगली, मग आपला चिकोडी-अथणी-रायबागचा भाग, जमखंडी, अलमट्टी असे बंगालच्या उपसागराला जायचे. पण वीज करण्यासाठी या पाण्याचा मोठा भाग डोंगर पोखरून पश्चिमेला सोडला जातो. चारशे मीटरहून जास्त खाली पोफळीला पडतो, तिथून वाशिष्ठीतून अरबी समुद्राला. पाणी पूर्वेचे, समुद्र पश्चिमेचा! त्यासाठी बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला परवानगी दिलेली आहे. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॅट. जलाशयाच्या तळाखालून बोगदा काढून शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा, या 'लेक टॅपिंग'चे प्रयोग इथे १९९९ आणि २०१२ मध्ये झाले. महाराष्ट्राच्या कारखानदारीची ही चूल आहे, यात शंका नाही.

"उन्हाळ्यात आमच्याकडं नदीत वाळू दिसते," तो म्हणाला. "मग आमचं सरकार यांच्याकडं पाणी मागतं. आणि पावसाळ्यात न मागता येतं." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगली बुडाली, कोल्हापूर बुडाले, आणि खाली अथणी तालुक्यातली काठावरची गावेही बुडाली. याच्या घरात छातीभर पाणी होते. म्हशी सोडून द्याव्या लागल्या. सांगलीचे लोक म्हणतात अलमट्टीमुळे पाणी तुंबले. अथणीचे लोक म्हणतात कोयनेतून सोडल्यामुळे आले. वाहिन्यांवर दोन्ही बाजूंचे लोक रोज भांडत होते आणि त्यांना दोन्ही भाषांतून ऐकणारे आपल्यासारखे लोक मध्ये.

मग विषय अलमट्टीची उंची वाढवण्यावर आला, तो येणारच होता. धरणात सध्या ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवतात. २०१० मध्ये दुसऱ्या कृष्णा लवादाने ५२४.२५६ मीटरपर्यंत साठवायला मान्यता दिली. महाराष्ट्राचा विरोध आहे, कर्नाटकचा आग्रह आहे, आणि प्रश्न अजून लोंबकळतो आहे. माझा विद्यार्थी शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, वाढवलीच पाहिजे, विजापूर-बागलकोटची लाखो एकर जमीन भिजेल. मॅडमचे माहेर विजापूर जिल्ह्यातले. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला. घरातल्या पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी लहानपणी जे पाहिले होते, त्यानंतर त्यांना विचारायची गरज नव्हती.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग कन्नडमध्ये म्हणाले, आणि म्हणजे रागावलेले होते, "साडेचार मीटर म्हणजे किती, माहीत आहे का तुला? आमच्या गल्लीतला मारुतीच्या देवळाचा कळस तेवढा उंच होता."

विद्यार्थी म्हणाला, "अण्णा, मी तुमच्याविरुद्ध नाही. पण माझ्या बापानं काय करायचं? पाच एकरांत बोअर आटलंय."

यावर काही उत्तर नव्हते आणि अण्णांनीही ते द्यायचा प्रयत्न केला नाही. लाकडे ढोसत बसले. माझे स्वतःचे मत विचाराल तर असे आहे: लवादाच्या कागदात पाण्याचा थेंब न् थेंब दशांशापर्यंत मोजलेला असतो, आणि माणसे मात्र 'सुमारे' असतात. कोयनेच्या उठलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांच्या जमिनीचा हिशेब अजून पुरा झालेला नाही; २०१८ मध्येही हे लोक कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. तेव्हा अलमट्टीचे पाणी साडेचार मीटर वाढवायचे असेल, तर आधी उठणाऱ्यांचे नवे घर, शेत आणि दुकान उभे करून दाखवा, आणि सांगलीच्या पुराचे गणित दोन्ही राज्यांच्या लोकांना समजेल अशा भाषेत मांडा, मग पाणी वाढवा. हे मी शेकोटीपाशी बोललो. "तुमचं भाषण बरोबर आहे सर," विद्यार्थी म्हणाला, "पण आधी असं कधी झालंय का?" अण्णा एवढ्या वेळात पहिल्यांदा हसले.

चौथा दिवस कसोटीचा. तापोळ्यापासून महाबळेश्वरपर्यंत पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि चढ सुमारे सातशे मीटरचा. एका जागी रस्त्याची कड ढासळून नव्याने बांधलेली दिसली. २०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या दिवसांत या डोंगरांत ठिकठिकाणी दरडी आल्या. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे माणसे गाडली गेली. चढताना मॅडम सर्वांत पुढे. मी दोनदा उतरून सायकल ढकलली. अण्णांनी सायकल गाडीच्या कॅरियरवर टाकावी म्हणून सौ.नी तीनदा गाडी शेजारी आणून उभी केली, तीनदा ते "नको हो वैनी" म्हणाले, चौथ्यांदा काही न बोलता सायकल उचलून दिली आणि पुढच्या सीटवर बसून उरलेला शेवटचा लाडू खाल्ला. माझ्या विद्यार्थ्याला दोन पंक्चर झाली, दोन्ही अकेशियाच्या काट्यांनी नव्हे, तर फुटक्या बाटलीच्या काचेने. पर्यटनस्थळ जवळ आल्याची ही खूण.

महाबळेश्वरच्या बाजारात न थांबता जुन्या महाबळेश्वरला गेलो. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे उगम मानतात, आणि दगडी गोमुखातून एकत्र पाणी पडते. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, कृष्णा आणि कोयना निघतात शेजारी शेजारी आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून शेवटी कराडला भेटतात. गोमुखाखाली गर्दी होती. अण्णांनी ओंजळ भरून पाणी प्यायले. विद्यार्थ्याने बाटली भरली. "अलमट्टीत टाकणार काय?" मॅडमनी विचारले. "घाट चढलोय मॅडम, तहान लागलीय," तो म्हणाला.

तिथून सायकली गाडीवर चढवल्या आणि परतीला लागलो. उंब्रजवरून आत वळून पाटणमार्गे कोयनानगरला जाऊन आलो. धरणाच्या भिंतीजवळ जाता येत नाही, लांबून दिसते. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी इथे भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या आसपास, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, कोयनानगर कोसळले. धरण उभे राहिले. बेळगावातही तेव्हा भांडी वाजली होती आणि लोक थंडीत रस्त्यावर येऊन बसले होते, हे माझी आई सांगत असे. एवढ्या मोठ्या जलाशयाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, यावर जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हापासून इथे अभ्यास करत आले आहेत.

कराडला प्रीतिसंगमावर संध्याकाळ झाली. उत्तरेकडून कृष्णा, समोरून कोयना, दोघी अगदी तोंडावर तोंड देऊन मिळतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. काठाला यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. मुले क्रिकेट खेळत होती. सौ. भेळ घेऊन आल्या. अण्णा पायरीवर बसून विद्यार्थ्याला अलमट्टीच्या पाण्याची पातळी मे महिन्यात कुठपर्यंत उतरते ते सांगत होते. त्यांच्या गल्लीचे दगड तेव्हा उघडे पडतात म्हणे. वीस वर्षांत ते एकदाही पाहायला गेले नव्हते.

"अथणीहून बागलकोट किती होतं?" विद्यार्थ्याने विचारले.

"जमखंडीवरून सव्वाशे असेल."

"सगळं सपाट आहे. एका दिवसात होईल अण्णा. मी येतो."

अण्णांनी मोबाइलवर नकाशा उघडला आणि दोघे जण वाटेतल्या मुक्कामाची आणि उन्हाची चर्चा करू लागले. २०२३ च्या मे महिन्यात ते दोघे खरेच गेले. अण्णा परत आले ते एक विटेचा तुकडा घेऊन. बेळगावात त्यांच्या शोकेसमध्ये बँकेच्या निरोपसमारंभातल्या घड्याळाशेजारी तो ठेवलेला आहे.